वहिनीची पांढरी रेघ

आमच्या घरी आधी गाडी आली आणि त्यानंतर आठ महिन्यांनी वहिनी आली. दोघींच्याही येण्याचा मला पहिल्या दिवशी मनापासून आनंद झाला होता, हे मुद्दाम लिहून ठेवते. कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी उपजतच कजाग होते. तशी मी नव्हते. घरातलं शेंडेफळ, अण्णांची लाडकी, डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली आणि चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात लाइनवर घेतलेल्या मुलींच्या पहिल्या तुकडीतली. आसपासच्या बायका आपल्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. उदाहरण होऊन जगायची सवय लागली की दुसऱ्याचं कौतुक कानाला सोसत नाही, एवढं मात्र खरं.

आम्ही राहायचो निघोज्यात, तात्यांच्या मळ्यातल्या चार खोल्यांत भाड्यानं. तात्या तिथले जुने शेतकरी. त्यांची बरीच जमीन कंपन्यांकडे गेली होती, उरलेल्या तुकड्यात ते हट्टानं कांदा करायचे आणि भाव पडला की कंपन्यांना शिव्या द्यायचे. माझे वडील, अण्णा, उदगीरकडचे. आधी भोसरीत आणि मग चाकणमध्ये एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे पत्रा दाबायचे साचे जिथं बनतात आणि दुरुस्त होतात तिथं, ते फिटर होते. मळ्यापलीकडच्या कारखान्यातल्या प्रेसचा धप्प धप्प आवाज दिवसभर जमिनीतून यायचा आणि मांडणीतल्या वाट्या त्या तालावर किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे. आम्हाला उलट तो थांबला की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं आणि आई म्हणायची, "लाइट गेली वाटतं कंपनीची." घरी आम्ही चौघं: अण्णा, आई, थोरला सुनीलदादा आणि मी. दादा एका गोदामात संगणकावर मालाची नोंद करायचा आणि रविवारी दुपारी बारापर्यंत झोपायचा. त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक कळायचा, पण त्यापुढचं काही कळून घ्यायची इच्छा नव्हती.

अण्णांच्या कंपनीत पूर्वी एक परदेशी साहेब होता. तो मायदेशी गेला आणि त्याची गाडी आवारात ताडपत्रीखाली तीन वर्षं पडून राहिली. शेवटी कंपनीनं ती भंगारात काढली, तेव्हा अण्णांनी ती घेतली आणि टेम्पोत घालून घरी आणली. जर्मन बनावटीची, निळी, चार दारांची, बुटकी आणि रुंद खांद्यांची. साहेबानं आठवडाभर सूट घालून ऑफिसला जावं आणि सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीत वाऱ्यासारखं सुटावं, अशा दुहेरी बेतानं बनवलेली. आमच्या हाती आली तेव्हा मात्र तिचं पाणी तापत होतं, तेल गळत होतं, काचा दारात पडल्या होत्या आणि दारं मनाला येईल तेव्हा आपोआप कुलूपबंद होत होती. तात्यांनी तिला त्यांच्या रिकाम्या कांदाचाळीत जागा दिली. "अण्णा, गाडी हाय का जावई हाय ही?" ते दर आठवड्याला येऊन विचारायचे. "निस्तीच खातीया आन् बसून ऱ्हातीया!" त्या चाळीतल्या कांद्याचा वास तिच्या चामडी सीटांत इतका मुरला, की तो पुढं कधीच गेला नाही. आज कुठं नव्या चामड्याचा वास आला तर माझ्या नाकाला त्यात कांद्याची उणीव भासते.

ते पहिले आठ महिने माझे होते. रविवारी सकाळी आई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, जणू आम्ही गावाला निघालो आहोत, आणि आम्ही बापलेक अंगणातून पन्नास पावलांवरच्या चाळीत जायचो. अण्णा गाडीखाली, मी बॅटरी धरून. त्या गाडीचे बोल्ट साधे षटकोनी नव्हते, त्यांची तोंडं चांदणीच्या आकाराची होती. अण्णांनी टूलरूममध्ये घासून घासून त्यांच्या मापाच्या किल्ल्या स्वतः बनवल्या. पाण्याची प्लास्टिकची टाकी तडकली होती. कंपनीच्या दुकानातून नवी मागवायची आमची ऐपत नव्हती, तर त्यांनी तिचा जोड पितळेत कातून घेतला. चाकांच्या दांड्यांमधले झिजलेले रबर त्यांनी कडक नायलॉनच्या कांबीतून कातले. प्रत्येक भाग निघाला की ते तो माझ्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघ माय, कुठं झिजलाय, बोटानं बघ." मी बोटानं बघायचे. मला फार काही कळत नव्हतं, पण ते मलाच विचारतात याचं सुख मोठं होतं.

मग माझी नोकरी लागली. आठवड्याचे सहा दिवस, पाळ्या बदलत्या, पहाटे रस्त्यावर कंपनीची बस. रविवारी मी उठून तयार व्हायचे तर अण्णा म्हणायचे, "तू आठवडाभर तेच करायलीस माय. घरी तरी नट-बोल्ट बघू नको. झोप." त्यांनी हे मायेनं म्हटलं होतं, हे कळायला मला स्वतःची मुलगी नोकरीला लागावी लागली. त्या वेळी मला ते दार बंद केल्यासारखं वाटलं. "मी येते अण्णा," एवढे तीन शब्द मी बोलायला हवे होते. मी मात्र फुगून चादर ओढून घ्यायचे आणि ते बोलावतील याची वाट बघायचे.

आता रेघेबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. कारखान्यात महत्त्वाचा बोल्ट ठरावीक जोरानंच आवळायचा असतो. त्यासाठी टॉर्कचा पाना असतो. हवा तेवढा जोर पडला की तो 'कट्' असा वाजतो. वाजला की लगेच रंगाच्या पेननं बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक रेघ मारायची. ती रेघ म्हणजे आवळणाऱ्याची सही. रेघ नाही म्हणजे काम झालेलं नाही. रेघ आहे म्हणजे झालं, पुन्हा विचारायचं नाही. लाइनवर माझा रंग हिरवा होता. पाळीभर मी मागच्या चाकांपाशी उभी राहून आवळायचे आणि हिरवी रेघ मारायचे, ती स्वप्नातही मारायचे. अण्णांनी हीच पद्धत घरी गाडीला लावली होती. त्यांची रेघ पिवळी. आणि खोटी रेघ म्हणजे काय, हेही आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्या जिवाभावाच्या एका मित्रानं एकदा साच्याचा बोल्ट न आवळताच रेघ मारली होती आणि एका कामगाराची दोन बोटं गेली. अण्णा त्यानंतर त्या मित्राबरोबर डबा खायला कधी बसले नाहीत. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत.

वैशाखात दादाचं लग्न झालं. स्मितावहिनी चिपळूणकडची. तिच्या वडिलांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, हे ठरवताना कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या का चौथ्या रविवारी अण्णांनी गाडी चालू केली होती आणि वहिनी चहा घेऊन चाळीत गेली. मी मागून खारी घेऊन चालले होते. चहा बोनेटच्या कडेला ठेवून ती म्हणाली, "अण्णा, हे पुढचं बेअरिंग ओरडतंय का हो?" अण्णांनी विचारलं, कुठलं? तर तिनं सरळ खालचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक चालत्या इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. नवी कोरी साडी, हातात हिरवा चुडा आणि कानाला स्क्रूड्रायव्हर. "पाण्याच्या पंपाचं आहे," ती म्हणाली. "ऐका ना तुम्ही." अण्णांनी ऐकलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी बोटानं बघायचे आणि ते मला सांगायचे. इथं ती त्यांना सांगत होती. पुढच्या रविवारी पंप उघडला तर बेअरिंग खरंच गेलेलं निघालं. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथून.

पुढं जे झालं त्याला हेवा म्हणा, जळफळाट म्हणा, मी त्यातलं काहीच नाकारत नाही. रविवारी मी आत पडलेली असायचे आणि चाळीतून दोघांचं हसणं यायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे सुनेचं कौतुक व्हायचं आणि ते लेकीला लागायचं. वहिनी कुळथाचं पिठलं करायची, तर अण्णा, ज्यांना ज्वारीची भाकरी आणि वरण सोडून काही चालायचं नाही, ते ते वाटीवाटीनं प्यायचे. आईनं सुरुवातीला कुरकूर केली, "ग्रीसच्या हातानं भाकऱ्या थापणार का आता सून?" पण वहिनीनं एका सकाळी आईच्या शिलाई मशीनचा वर्षानुवर्षांचा खडखडाट घालवला आणि आईही फितूर झाली. मी जेवताना मुद्दाम लाइनवरच्या गोष्टी काढायचे, नव्या यंत्रांची नावं घ्यायचे. वहिनी लक्ष देऊन ऐकायची, चांगले प्रश्न विचारायची आणि मला आणखी राग यायचा. ती जर आगाऊ असती, तर मला किती सोपं झालं असतं! ती मला 'वैशूताई' म्हणायची आणि माझा डबाही भरायची.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा अण्णांनी वहिनीला एक छोटी पुडी दिली. मला वाटलं कानातलं असेल. त्यात पांढऱ्या रंगाचं पेन होतं. "आजपासून तुझी रेघ पांढरी," अण्णा म्हणाले. वहिनीनं वाकून नमस्कार केला. मी सोनं म्हणून आणलेली आपट्याची पानं हातात धरून उभी होते. मला कंपनीनं रंग दिला होता, अण्णांनी कधी दिला नव्हता. घरात त्या दिवशी बासुंदी होती, आणि मला ती गोड लागली नाही हे मला आजही आठवतं.

त्या दिवाळीत दादाचा दिवाळसण होता. चिपळूणला जायचं, तेही निळ्या गाडीतून, हे अण्णांनी दोन महिने आधीच ठरवलं होतं. व्याही गाड्यांतले जाणकार. त्यांना गाडी दाखवायची, चार दिवस राहायचं. ताम्हिणी घाटातून जायचं, कारण घाटाशिवाय असल्या गाडीची गंमत नाही. अण्णा, आई, दादा, वहिनी. मला सुट्टी नव्हती. पुढच्या सीटवर कोण बसणार, यावर आई म्हणाली, "मला मागंच बरं," आणि दादा म्हणाला, "मी झोपणार." अण्णा सहज बोलून गेले, "सूनबाई बसेल की पुढं. तिला आवाज कळतो." आठ महिने मी त्या गाडीखाली बॅटरी धरली होती, आणि तिच्या पहिल्या प्रवासात मी नव्हतेच.

निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, माझी पहिली पाळी होती. साडेचारला मी घरी आले तेव्हा घरभर चकलीच्या भाजणीचा वास होता. पाणी प्यायच्या आधी मी चाळीत डोकावले. अण्णा ब्रेक ऑइल आणायला चाकणला गेले होते. गाडीचं पुढचं डावं चाक काढलेलं होतं. चाकाच्या आत लोखंडी चकती असते आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारा ब्रेकचा जाड पंजा असतो. तो पंजा दोन बोल्टांवर उभा असतो. वहिनीनं तो नुकताच परत बसवला होता. बोल्ट हातानं फिरवून आत घातले होते, आवळायचे राहिले होते, कारण आईनं हाक मारली होती, "तेल तापलंय गं, हात धुऊन ये." रेघ नव्हती, म्हणजे काम झालेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काही सांगून जायची तिला गरजच वाटली नाही. पांढरं पेन बाजूच्या पत्र्याच्या डब्यात होतं.

मी ते उचललं. हाताला सवय होती. दिवसभर तेच तर करून आले होते. दोन्ही बोल्टांवर मी दोन सुबक पांढऱ्या रेघा मारल्या, वहिनी मारायची तशा, शेवटी किंचित वर वळलेल्या. माझा हिशेब साधा होता. अण्णा दुसऱ्याचं काम पाना लावून तपासल्याशिवाय राहत नाहीत. ते तपासतील, बोल्ट फिरेल, आणि त्यांना दिसेल की लाडक्या सूनबाईनं खोटी रेघ मारली. मग ते तिच्याकडे त्या मित्राकडे बघायचे तसे बघतील. मला तेवढंच हवं होतं. त्या क्षणी गाडी, घाट, ब्रेक, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. यावर कुणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही.

अण्णा आले तेव्हा मी नळावर गणवेश धूत होते, तिथून चाळीतलं सगळं दिसत होतं. ते वाकले, रेघा बघितल्या. मी साबण हातात धरून थांबले. त्यांनी टॉर्कचा पाना उचलला, फडक्यानं पुसला आणि पेटीत ठेवून दिला. मग चाक उचलून बसवलं.

"अण्णा," मी तिथूनच म्हटलं, "तपासत नाही का?"

"काय तपासायचं? सूनबाईची रेघ हाय की," ते म्हणाले आणि चाकाचे बोल्ट आवळायला लागले.

वहिनी मोडक्या चकल्यांची ताटली घेऊन बाहेर आली. "बसवलंत पण चाक? मी येतच होते." अण्णा म्हणाले, "झालं सगळं." तिला वाटलं त्यांनी आवळलं, त्यांना वाटलं तिनं आवळलं. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि मी बालदीतलं पाणी ओतत उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण 'सूनबाईची रेघ हाय की' हे वाक्य माझ्या कानात कुणीतरी तापलेलं तेल ओतावं तसं गेलं होतं. माझं काम ते नेहमी तपासायचे. अगदी मी भरलेली चाकातली हवासुद्धा.

जेवताना सांगू म्हटलं, तर जेवताना अण्णा आईला सांगत होते की स्मिताचं काम मी आता बघतसुद्धा नाही. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी सहाला मी बससाठी निघाले तेव्हा अण्णा गाडीला झेंडूचा हार घालत होते. चाकाच्या आऱ्यांमधून माझ्या दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला पुढच्या सीटवर घडी करून ठेवलेली आईची मऊ शाल दिसली. "वहिनीला पाठीला लागेल म्हणून," आई म्हणाली. मी म्हटलं, "नीट जा," आणि चालू लागले. अण्णा निघायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारतातच, त्यांना दिसेल, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत राहिले. दिसणार काय होतं? रेघच दिसणार होती.

लाइन सातला सुरू झाली. नऊ वाजता ते निघणार होते. नऊपर्यंत मी काम केलं. नऊनंतर प्रत्येक बोल्टवर रेघ मारताना मला ताम्हिणीचं एकेक वळण दिसायला लागलं. आई मागच्या सीटवर डोळे मिटून, दादा झोपलेला. दहाच्या चहानंतर एक गाडी माझ्यासमोर आली, मी बोल्ट आवळले, पाना 'कट्' वाजला, आणि माझ्या हातून हिरवी रेघ उमटेना. पेनात रंग होता. माझाच हात पुढं जाईना. आमच्या डोक्यावर एक पिवळी दोरी असायची. काही चुकलं तर ती ओढायची, म्हणजे सगळी लाइन थांबते आणि आमच्या जागेची ठरलेली धून वाजायला लागते. नोकरी लागल्यापासून मी ती कधी ओढली नव्हती. मी ओढली.

आमचे सुपरवायझर धावत आले. "काय झालं मॅडम? पार्ट शॉर्ट आहे का?"

"सर, बोल्ट सैल राहिलाय."

"कुठल्या गाडीवर?"

"आमच्या. घरच्या गाडीवर. माझी माणसं घाटात चाललीत सर, मला फोन करू द्या."

"काय बोलताय राव तुम्ही? लाइन थांबवलीय तुम्ही!" ते ओरडले. मग त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं असावं. "पळा," ते म्हणाले. "मी उभा राहतो इथं."

मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता. पौड मागं पडून गाडी घाटाकडे चढली की रेंज जाते, हे मला माहीत होतं. अण्णा गाडी चालवताना फोन उचलायचे नाहीत. दादाचा लागला नाही. आईकडे फोन नव्हता. उरला वहिनीचा. तिची घंटी वाजत राहिली आणि मी लॉकरच्या पत्र्यावर कपाळ टेकून उभी राहिले. आयुष्यात मी कुणाच्या आवाजाची इतकी वाट पाहिली नाही.

"बोला वैशूताई."

"वहिनी, गाडी थांबवा. आधी थांबवा."

ती एक अक्षर न विचारता अण्णांना म्हणाली, "अण्णा, बाजूला घ्या. हळू, ब्रेक जोरात नको." मग मला म्हणाली, "घेतली. काय झालं?"

"डाव्या पुढच्या चाकाचे, पंजाचे बोल्ट आवळलेले नाहीत. रेघा तुमच्या नाहीत. मी मारल्या काल."

ती हळू म्हणाली, "तरीच ते चाक मघापासून बोलतंय. मी अण्णांना म्हटलं पण. ते म्हणाले, ते चाक कालच झालंय, तिथं काही नसणार." पुढं ती म्हणाली, "हे मी नाही सांगणार हां त्यांना. मी सांगितलं तर चहाडी होईल. तुम्हीच सांगा." आणि तिनं फोन अण्णांच्या हातात दिला.

मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही; शेवटी "अण्णा, मी मुद्दाम केलं" असं म्हटल्याचं आठवतं. त्यांनी फोन न तोडताच सीटवर ठेवला असावा, कारण मला पुढचं सगळं ऐकू आलं. डिकी उघडल्याचा आवाज, जॅकची करकर, आईचं "काय झालं हो, काय झालं?" मग दादाचा, आत्ताच जागा झालेला आवाज, "अरे बाप रे, हा वरचा तर बोटानं निघतोय!" मग पेटीतल्या किल्ल्यांची खणखण. मग 'कट्'. मग पुन्हा 'कट्'. फोन बंद झाला. मी जागेवर परत गेले. सुपरवायझर माझी हिरवी रेघ मारत उभे होते, त्यांची जरा वाकडी आली होती. लाइन थांबवल्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात मी खरं तेच लिहिलं, आणि ते वाचून त्या कार्यालयात कुणाला काय करावं ते सुचलं नाही.

दिवाळीचे चार दिवस मी एकटी होते. आईनं ठेवलेल्या करंज्या डब्यातच राहिल्या. तात्या एकदा येऊन बसले, "पोरी, येकटी का बसलीस, चल, घरला जेवाय ये," म्हणाले. मी गेले नाही. मला वाईट वाटत होतं, भीती वाटत होती, आणि याच्या खाली, कितीही दाबलं तरी, चिपळूणला वहिनीचे वडील आणि अण्णा गाडीखाली शेजारी शेजारी झोपून काय बोलत असतील याचा हेवाही वाटत होता. मेलं ते कधी सुटतच नाही. आजसुद्धा अण्णांच्या आजारपणाच्या फायली वहिनीच्या कपाटात आहेत, डॉक्टर तिच्याशी बोलतात, आणि मी भेटायला गेले की माझं लक्ष आधी त्या कपाटाकडे जातं.

वहिनी आणि दादा माहेरी राहिले. अण्णा आणि आई पाचव्या दिवशी दुपारी परतले. गाडी चाळीत लावून अण्णांनी हातपाय धुतले. मी ताट वाढून ठेवलं होतं, वरण, भाकरी, ठेचा. ते आत आले नाहीत, ओट्यावर बसले. मी दारात जाऊन उभी राहिले. ते रागावतील, याची मी चार दिवस तयारी केली होती. कसं रागावतील, मी काय म्हणेन, सगळं पाठ होतं: तुम्ही मला कधी बोलावलंच नाही, माझं काम तुम्ही नेहमी तपासता, मला रंग दिला नाहीत. सगळं खरंच होतं.

अण्णा म्हणाले, "माय, एक विचारू?"

"विचारा."

"तिकडं, तुझ्या लाइनवर, अशी रेघ मारतीस कधी?"

"नाही अण्णा."

"घाईत? पाळी संपताना? कधी तरी?"

"कधीच नाही. एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, हे मला दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मला ओळखू आलं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावलेल्या वहिनीकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं होतं, तीच नजर. ती माझ्या वाट्याला आली ती अशी.

"म्हणजे परक्यांच्या गाडीला खरी," ते म्हणाले, "आणि खोटी ती फक्त घरच्यांसाठी होती होय गं?"

पाठ केलेलं सगळं मी विसरले. ते उत्तरासाठी थांबले आणि मग उठून आत जेवायला गेले.